प्रेम नगरातून आलेले फोटो

झाशीच्या प्रेम नगर वस्तीत राहणारी मेघना जवळच्या बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मळणीयंत्रे दुरुस्त करते. यंत्रे गरौठ्याकडच्या शेतांत असतात. सुगीत ती सकाळच्या बसने निघते आणि दिवेलागणीला परतते. फोन जुना, वाटेत चार्जिंग नाही, सिग्नल क्षीण.

दुरुस्तीचा पुरावा म्हणून कारखान्याला फोटो पाठवताना फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते, हे तिच्या लवकर लक्षात आले. म्हणून दुरुस्त यंत्राचा फोटो ती जागेवर काढून ठेवी आणि घरच्या वाय-फायवरून सगळे एकदम पाठवी. तिची आई रजनीताई एकदा गॅस पेटवला की वरण, भात, दूध असे सगळे उरकूनच बंद करते. तीच सवय फोनला लावली, असे मेघना सांगते. फोटोला थांबता येते, यंत्र अडलेल्या शेतकऱ्याला नाही. त्याच्यासाठी बॅटरी राखायची.

यंदा तिला नोकरीत कायम करायचे होते. त्यासाठी सुपरवायझर चैतन्यने कारखान्याच्या नव्या ॲपवर तिच्या भेटी तपासल्या. तो झाशीतलाच मराठी. भाषा कळते, बोलतो हिंदीत.

“मेघना जी, मशीनें शाम को आपके घर आती हैं क्या? सारी फ़ोटो प्रेम नगर से आई हैं.”

“फोटोत गव्हाची रास दिसतेय, चैतन्य भैया. प्रेम नगरात कुठे पिकतो गहू?”

तो हसला, पण फोटो घरून आल्याची नोंद तशीच राहिली. ॲप फोटो कधी आणि कुठून पोचला एवढेच पाहते. काढल्याची वेळ आणि जागा फोटोतच साठवलेली असते. मेघनाने मला फोन दाखवला तेव्हा मी ती उघडून पाहिली, तर ती शेतांचीच निघाली. कारखान्यात कुणी तसदी घेतली नाही. यापुढे जागेवरूनच पाठवा, असा आदेश मात्र निघाला.

दुसऱ्या दिवशी तिने तो पाळला. बांधावर उभी राहून फोटो जाण्याची वाट पाहिली, प्रत्येक यंत्रापाशी. दुपारी फोन बंद पडला. पुढचे यंत्र तिने दुरुस्त करून चालवून दाखवले. त्याचा फोटोच नाही. त्यानंतरचा शेतकरी तिला फोन लावून थकला आणि त्याने कारखान्यात तक्रार केली.

कायम करणे पुढच्या सुगीवर गेले. कारण दिले: संपर्कात राहत नाहीत. पॉवर बँक मागितली, तर विचार करू म्हणाले.

मेघना आता पुन्हा फोटो घरूनच पाठवते.

“तसं केलं तरी कायम नाही, असं केलं तरी नाही,” ती म्हणाली. “निदान शेतकऱ्याचा फोन तरी लागू दे.”