मॉडेलवरचा मावळा

उत्तरेकडच्या एका चौकीवर माझी बदली झाली, तेव्हा माझ्या बॅगेत कामाच्या नसलेल्या दोन वस्तू होत्या. गडकोटांच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक आणि मातीचा एक मावळा. दिवाळीत किल्ला करायचा नाद मला सिन्नरला लहानपणीच लागला. मिशा आल्या, नाईक झालो, तरी सुटला नाही.

फौजेत गस्त निघण्याआधी सँड मॉडेल करतात. माती पसरून समोरचा डोंगर, ओढे, वाटा उभ्या करायच्या आणि त्याभोवती जवानांना ब्रीफिंग द्यायचं. हे काम मी हौसेनं अंगावर घेतलं. पहिलं मॉडेल बघून कंपनी कमांडर म्हणाले, "पवार, ये पहाड है या भाकरी?" दुसरं थंडीनं तडकलं. मी दुर्बीण लावून डोंगर बघायचो, मोडायचो, पुन्हा थापायचो. अखेर जमलं, आणि त्या आनंदात पूर्वेच्या सोंडेवर मी माझा मावळा उभा केला. ढाल-तलवारीसकट.

ब्रीफिंगला सगळे हसले, साहेब सोडून. मला रॉकेलचे कॅन वाहायची शिक्षा झाली. मावळा मात्र वाचला, कारण हवालदार अहिरे म्हणाले, "राहू द्या साहेब. ती जागा तरी ध्यानात राहील." अहिरे देवळ्याचे. आमच्या गस्तीचे प्रमुख. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

सहा जणांची गस्त सकाळी निघाली. दुपारी आम्ही त्याच सोंडेवर असताना धुकं आलं आणि बर्फ सरकला. आवाज फार मोठा नव्हता, जमिनीवरून पोतं ओढावं तेवढाच. पुढचे दोघे दिसेनासे झाले: अहिरे आणि सुरगाण्याचा शिपाई गावित. उरलेल्या चौघांत सीनियर मी. मला हे कळायलाही वेळ लागला. तिघं माझ्याकडे का बघतायत, हेच उमजेना.

रेडिओ खरखरला.

"पवार, मावळ्याच्या खाली आहे. डाव्या अंगाला, ओढ्यात. कमरेपर्यंत बर्फ. गावितचा पाय मोडलाय."

"येतो, उस्ताद."

म्हणालो खरा, पण जागचा हललो नाही. माझ्या पुस्तकात माणसं दोर लावून कडे उतरत होती. त्यांना भीती वाटल्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी कमरेला दोर बांधला. मागून एक शिपाई हळूच म्हणाला, "नाईकसाहेब, ही बुटाच्या नाडीची गाठ आहे." त्यानंच ती सोडून नीट बांधली.

"पवार, घाबरलास का?"

"हो, उस्ताद."

"मीबी. पण ये."

उतरायला लागलो. डोळे उघडले तरी पांढरं, मिटले तरी तेच. म्हणून मिटूनच घेतले आणि बोटांवर सोडलं. सोंडेखाली एक टप्पा मी मॉडेलवर अंगठ्यानं दाबून केला होता. तो तिथं होता. पुढं करंगळीनं ओढलेली घळ. तीही होती. उजवीकडं तुटलेला कडा, तिकडं जायचं नाही. वरून बर्फाची ढेकळं खांद्यावर येत होती. प्रत्येक ढेकळासरशी मी आईला हाक मारत होतो, तीही रेडिओचं बटण दाबलेलं असताना. अख्ख्या चौकीनं ऐकली.

"पवार, वरचं अजून सरकतंय. गावितला खडकावर ढकलतो. त्याला आधी घे."

"दोघांना घेतो."

"ऑर्डर आहे."

"रॉजर."

खडक हाताला लागला. त्यावर गावित होता. वरून सोडलेला दुसरा दोर त्याला बांधला, वरच्यांनी ओढून घेतला. मी अहिरेंकडं वळलो तेवढ्यात बर्फ पुन्हा आला. मला दोरानं धरून ठेवलं.

"उस्ताद. उस्ताद, जवाब दो."

दुसऱ्या दिवशी बचाव पथकाला त्यांचा देह सापडला.

सुट्टीत मी देवळ्याला गेलो. कांद्याच्या चाळीशेजारी उस्तादांचं घर. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. "सगळे सांगून जातात, वाघ होते, जराबी घाबरले नाहीत. तुम्ही होता तिथं. खरं काय?"

मला गोष्ट तिखटमीठ लावल्याशिवाय सांगता येत नाही. त्या दिवशी आली.

"घाबरले होते, वहिनी. तरी गावितला आधी वर ढकललं."

त्यांनी माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग हसल्या. "मंग ते आमचेच. घरात पाल निघाली की खाटेवर चढून मला हाक मारायचे." आणि मग रडल्या.

हवालदार अहिरेंचं नाव चौकीजवळच्या दगडावर कोरलंय. त्या दगडावर पालीचं काही नाही, म्हणून इथं लिहिलं.