साबणाला चिकटलेला गाळ

भावोजी,

पत्र बघून ताईला म्हणाल, "मेहुणीबाईंना आज आमची आठवण कशी झाली?" टोमणा मारून घ्या, मग वाचा.

तुमचं नाव निघालं की मला ते शिशाचं वजन आठवतं. बुडाला कपडे धुण्याचा साबण थापलेलं. ते दोरीने तळाला टेकवायचं, वर ओढायचं आणि साबणाला काय चिकटलंय ते बघून जाळं टाकायचं की नाही ते ठरवायचं. तीस वर्षं कोळंबीची जागा तुम्ही अशीच शोधलीत. मत्स्यशास्त्राची पदवी मिरवत मी त्याला हसायची.

मग खाडीच्या तोंडाशी मासे पाळायचे पिंजरे आले, तुमच्या जागेला अगदी खेटून. दोन वर्षांत तुमची कोळंबी निम्म्यावर आली. पिंजरे वाढवू द्यायचे का, हे ठरवण्यासाठी तळाची तपासणी माझ्याकडे आली. तुम्ही धक्क्यावर गाठलंत.

"आतल्या बाजूला काय बघता? ओहोटीची ओढ जबरदस्त. उरलेलं खाद्य, घाण, सगळं बाहेर माझ्या जागेवर जाऊन बसतं. तिथं चला."

"नमुने ठरल्या ठिकाणीच घ्यायचे असतात," मी म्हणाले.

साफ खोटं. बाहेर लाटा होत्या आणि मला बोट लागते, एवढंच. अहवालात लिहिलं, तळ स्वच्छ. खाली माझी सही. पिंजरे दुप्पट झाले.

महिन्याभराने तुम्ही कॉफीची रिकामी बाटली घेऊन घरी आलात. आत काळा, कुजका गाळ, त्यात खाद्याच्या गोळ्या.

"साबणावरचा खरवडून आणलाय. प्रयोगशाळेत द्या. फेस आलाच तर सांगा, आमच्याकडचे मासे आंघोळ करतात."

मी हसले. "उद्याच देते."

दिली असती तर माझाच अहवाल खोटा ठरला असता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आमच्या खात्यात अशा वेळी कोणी स्वतःची चूक उकरत नाही. मीही उकरली नाही.

पुढे एकदा विचारलंत, "बाटलीचं काय झालं हो?"

"नंबर लागायचाय."

त्यानंतर तुम्ही विचारलं नाही. बोट विकलीत. आता त्याच पिंजऱ्यांवर खाद्य टाकायला जाता, हे मला ताईकडून कळलं. तिने ते अगदी सहज सांगितलं, म्हणजे बाटलीबद्दल तुम्ही तिलाही बोलला नाहीत.

ती बाटली अजून माझ्या फ्रिजमध्ये आहे, खालच्या कप्प्यात, पार मागे. झाकणावर तुमच्या अक्षरात तारीख. प्रयोगशाळा इथून बसने दोन थांबे.