वडिलांनी दिलेला नो-बॉल

"एकच शेवटचा," असं म्हणून तो खांदा फिरवायचा आणि पुढे चाळीस बॉल टाकायचा. पायाला भिंगरी लावलेला असा एखादा तुमच्याही शेजारी असेलच. आमचा आता पुण्याला परत गेला.

इथे परदेशात, पेंडल हिल नावाच्या उपनगरात आमचं दोघांचं कुंपण एकच. लॉकडाऊनमध्ये इकडे माझी मीटिंग आणि तिकडे तो गॅरेजला टेकवलेल्या गादीवर बेसबॉल आपटतोय. धप. धप. एकदा वैतागून मी कुंपणापाशी गेले.

"अरे, वेड लागेल मला."

"सॉरी ताई. एकच शेवटचा."

शिकायला आला आणि इथलाच झाला. आठवडाभर वेअरहाउसमध्ये शिफ्ट, शनिवारी क्लबचा पिचर. बेसबॉलमध्ये बॅटिंगवाल्याला बॉल फेकतो तो पिचर. पुण्यात हा क्रिकेटचा फास्ट बोलर होता, पण बॉल सोडताना कोपर वाकायचं. एका मॅचला अंपायर आला नाही म्हणून याचे वडील उभे राहिले, आणि त्यांनीच हात आडवा केला. नो-बॉल, फेकी बोलिंग. एकदा नाही, सलग चार वेळा. त्यानंतर याला कुणी बॉल दिला नाही.

"बाबांचं बरोबरच होतं," तो म्हणायचा. "पण ताई, इथे या कोपराचे लाड होतात." दर शनिवारी वडिलांना व्हिडिओ पाठवायचा. त्यांचं कधी एका शब्दाचं उत्तर नाही.

मग वडिलांना कोविड झाला. बॉर्डर बंद, परवानगी मिळेना. त्या आठवड्यात दिवसभर धप धप. मला रडू यायचं, पण थांब म्हणायचं धाडस नाही झालं. मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून बसायचे.

एका दुपारी त्याने कुंपणावरून फोन माझ्या हातात दिला. "बाबा हॉस्पिटलमधून घरी आलेत. म्हणतात, समोर टाकून दाखव. जरा धर ना."

स्क्रीनवर उशांना टेकलेले, पार वाळलेले काका. त्याने बॉल टाकला. काकांनी सावकाश दोन्ही हात छातीवरून नेले आणि विरुद्ध खांद्यांना लावले.

"अरे, थंडी वाजतेय त्यांना," मी म्हटलं. "कुणाला तरी पांघरूण घालायला सांग."

तो जागचा हलेना. "थंडी नाही, ताई. आधी दिलेला निर्णय मागे घ्यायचा असला की अंपायर असं करतो."

फोनमधून बारीक आवाज आला, "अजून एक टाक की रे."

त्याने दुसरा बॉल उचलला, खांदा फिरवला, आणि तसाच गवतावर खाली बसला. इतक्या वर्षांत मी त्याला बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते.