बराकीच्या गच्चीवर घेतलेलं नाव

रुखमाबाईचा गळा सगळ्या अमडापुराला ठाऊक होता. कुठे गच्चीचा कोबा चोपायचा असला की आधी तिला बोलावणं जाई, चुना मागाहून येई. ओल्या चुन्यावर बायका हातात लाकडी थाप्या घेऊन दोन रांगांत बसायच्या. रुखमाबाई गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्या ती उचलायच्या, आणि त्या ठेक्यावर थाप्या पडत रांगा पुढे सरकायच्या. गाणं अडलं की हात अडायचे, आणि हात अडले की चुन्याला भेगा जायच्या.

तिचा नवरा निवृत्ती गवंडी होता. कामाला चोख, पण रुसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. रुखमाबाईच्या भावाच्या लग्नात बायका उखाण्यांना बसल्या. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, उखाण्यात मात्र ते मिरवून घ्यायचं, हा रिवाज. सगळ्या लेकीसुनांनी नावं घेतली, आणि ढीगभर गाणी पाठ असलेली ही बाई नेमकी तिथेच मान खाली घालून बसली. भरल्या मांडवात लाज वाटली, दुसरं काही नाही. पण निवृत्तीनं ते मनाला लावून घेतलं आणि तिच्याशी अबोला धरला. भाजी अळणी झाली तर तो भिंतीकडे बघून तसं सांगे. रुखमाबाई चारचौघींत ते हसण्यावारी नेई, पण तिला ते फार लागलं होतं. घरात माणूस असून बोलणं नाही, याचं तिला रोज रडू येई.

अशात गावाबाहेरच्या बराकीचं काम निघालं. निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रजी पलटणीसाठी ती कधीकाळी बांधलेली. काळा दगड, हातहात रुंद भिंती, दोन्ही अंगांना कमानींचे व्हरांडे. दारं समोरासमोर, म्हणजे बिगुल वाजला की शिपाई दोन्हीकडून भसाभस बाहेर. भिंतींत बंदुका उभ्या करायला उंच कोनाडे आणि वर सागवानी तुळयांवर विटा-चुन्याची गच्ची. पुढे पलटण मोडली, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, शिपाई गेले आणि बंदुकांच्या जागी कबुतरं राहायला आली. कबुतरांचा गावाला शिपायांपेक्षा त्रास कमी, हे मात्र मान्य करायला हवं. आता तिथे सरकारी दवाखाना यायचा होता आणि गळकी गच्ची नवी करायची होती. आत गिलाव्याला निवृत्ती, वर कोब्याला रुखमाबाई.

सकाळी थाप्या सुरू झाल्या. जात्यावरची गाणी झाली, बारशाची झाली, खंडोबाची झाली. पण गच्ची पलटणीच्या मापाची, काही केल्या सरेना. ऊन कलायला आलं आणि रुखमाबाईजवळची गाणी संपली. चुना अजून मऊच होता.

"बाई, मी तं आता आरतीही म्हनून टाकली," शेजारची कोकिळा थापी न थांबवता म्हणाली. "उखाने घ्या नं आता. त्याइले काही तोटा नाही."

तिनं स्वतःचा घेतलासुद्धा. पाठोपाठ पुढची, मग तिच्या पुढची. हसण्याला ऊत आला आणि थाप्या दुप्पट जोरानं पडू लागल्या. उखाणा रांगेतून रुखमाबाईकडे सरकत येत होता. खाली गिलावा ओढणाऱ्या निवृत्तीच्या करणीचा आवाज बंद पडल्याचं तिच्या कानांनी टिपलं होतं.

"घे बाई, तुह्यापाशी आला," कोकिळा म्हणाली.

रुखमाबाईनं थापी उचलली, डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

"पलटन गेली गाव सोडून, भिंती राह्यल्या साऱ्या,
निवृत्तीराव रुसले खाली, वर मी घालतो येरझाऱ्या."

बायका हसून हसून बेजार झाल्या. रुखमाबाई मात्र कान देऊन होती. हसणं ओसरलं तसा खालून निवृत्तीचा आवाज आला, आणि तो भिंतीशी बोलत नव्हता.

"रुखमे, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हन."

धडधडीत खोटं. त्या लांबलचक दालनात वरचं कुजबुजणंही घुमत खाली जायचं, कबुतरांनी पंख झाडले तरी वर कळायचं. रुखमाबाईला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. ती उठली, गच्चीच्या कडेला गेली आणि खाली वाकून चांगल्या खणखणीत आवाजात बोलली.

"निवृत्तीराव, भाकर थंडी होऊन राह्यली. वर या जेवाले."

ना ओळ, ना यमक. गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल. सकाळपासून न थांबलेल्या थाप्या एकदम थांबल्या. कोकिळेनं तोंडाला पदर लावला. निवृत्तीला त्याचं काहीच नव्हतं, तो चुन्याचे हातही न धुता शिडी चढत होता.