मधचाट्यांचं आडनाव

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे बिराजदार सर नव्या माणसाला नाव विचारायचेच नाहीत. "कुणाच्यातले तुमी?" हा पहिला प्रश्न. मी रुजू झाले त्या दिवशी माहेर, सासर, आजोळ अशी सगळी चौकशी झाल्यावरच माझा चहा आला.

पाखरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या मध खाणाऱ्या पक्ष्यांची एक अख्खी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचं एक घराणंच, त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर रंगवली होती. त्यातला एकही पक्षी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता! लॅटिन नावं पोरांच्या तोंडी बसेनात, म्हणून सरांनी प्रत्येकाला मराठी नाव दिलं आणि प्रजातीचं नाव आडनावासारखं शेवटी लावलं. पांढरकान्या मधचाटे, गळपिवळ्या मधचाटे. पोरं हसायची.

"हसा की," सर म्हणायचे, "पर आडनाव इसरू नका. त्येच्यावरनंच घर कळतंय."

मग एकदा मीच त्यांना नवं संशोधन वाचून दाखवलं. डीएनए तपासल्यावर कळलं होतं, की हे सगळे एका घरातले नव्हतेच. प्रजाती फुटली. जुनं नाव दोघांकडेच राहिलं, बाकीचे दुसऱ्या प्रजातींत गेले. सर पांढरा रंग घेऊन स्टुलावर चढले आणि बाहेर गेलेल्यांचं एकेक आडनाव झाकू लागले.

"राहू द्या ना सर, कोण बघतंय?"

"खोटं आडनाव लावून कुणाला वाढवायचं न्हाय, मॅडम." पाठ फिरवूनच म्हणाले, "मी मंद्रूपच्या पाटलांचा. ल्हान असताना चुलत आत्यानं दत्तक घेतलं, बिराजदार झालो. मला कुणी इचारलं न्हाय."

नवी आडनावं ते लिहिणार होते. निवृत्त झाल्यावरही यायचे, ब्रश बुडवायचे, एखाद्या पक्ष्याकडे बघत उभे राहायचे आणि खाली उतरायचे. "आज जमंना." मी सुचवलेली नावं त्यांना पटायची नाहीत, आणि खरं तर मलाही. फार वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. दवाखान्यात मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पाखरं?"

"आहेत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्याच आठवड्यात सर गेले.

शोकसभेला मंद्रूपहून त्यांचे सख्खे थोरले भाऊ आले होते. फ्लेक्सवरचं 'बिराजदार' त्यांनी चष्मा वरखाली करून दोनदा वाचलं. "आमचं नाव कुटंच न्हाय व्हय?"

मी उगीचच त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. भिंतीवर पांढरकान्या होता, गळपिवळ्या होता, आणि जुनं आडनाव राहिलेले ते दोघे सोडले तर प्रत्येकाच्या नावापुढे पांढरा पट्टा.

"ह्यांचं तरी लिवा की, बाई," म्हातारबा म्हणाले.

सरांचा ब्रश स्टुलावरच होता. मी तो उचलला, आणि हातात धरून तशीच उभी राहिले.