मागच्या आसाचा आवाज

जनूभाऊ गेल्याचा निरोप वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपारी आला. टेलिफोन घेणाऱ्याने चिठ्ठीवर नाव, गाव आणि 'आज सकाळी' एवढेच लिहून ती माझ्या टेबलावर ठेवली. सवयीने ती मी बातमीसारखी वाचली : कोण, कुठे, केव्हा. कारण लिहिलेले नव्हते. बातमी म्हणून ती कुठल्याच पानात बसणारी नव्हती. वसईजवळच्या होळी गावात केळीची आणि पानवेलींची वाडी, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही, कानांनी बहिरे. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक जीप त्यांच्याकडे होती, एवढीच काय ती पंचक्रोशीत त्यांच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट. ते माझे आतेभाऊ. संध्याकाळच्या आत मला निघता आले नाही, आणि पोचलो तेव्हा सर्व उरकले होते.

जीप आली तेव्हा त्यांना थोडे ऐकू येत होते. लहानपणापासून दोन्ही कान वाहत. डॉक्टरांनी पिचकाऱ्या मारल्या, वैद्याने लसणीचे तेल घातले; कान वाहायचे थांबले, त्याबरोबर ऐकूही कमी येऊ लागले. जीप घेण्यामागे हौस नव्हती. वाडीतून स्टेशनाच्या रस्त्याला लागेपर्यंत वाट रेतीची, बैलगाडी तीत रुतून बसे आणि माल स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी चुके. चारी चाकांना जोर लावणारे हे वाहन रेतीतून सहज बाहेर पडे. पण ते लढाई करून आलेले होते. वळणावर पुढून टकटक, पुढच्या चाकांचा जोर तसाच ठेवून पक्क्या रस्त्याला लागले की पोटातून कण्हणे, आणि मागून एक लांबलचक, बारीक रडणे.

हे आवाज ओळखण्याची जनूभाऊंची रीत त्यांची स्वतःची होती. पोफळीच्या लाकडाची हातभर काठी ते दातांत धरीत आणि तिचे दुसरे टोक यंत्राला टेकवीत. कानावाटे जे येत नसे ते दातांवाटे डोक्यात येई. चारी चाके ठोकळ्यांवर उचलून, वसंताला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, गाडीत बसवायचे आणि स्वतः खाली झोपायचे. काठी आधी गिअरच्या पेटीला, मग तिच्या मागच्या दुसऱ्या पेटीला, मग पुढच्या आसाला, शेवटी मागच्या. दातांत काठी असल्याने बोलता येत नसे. जोर वाढव म्हणायचे तर डावा पाय हलवायचा, सोड म्हणायचे तर उजवा. ओट्यावरून वसंताची बायको म्हणे, "भावजी दातवण करायला गाडीखाली का जातात, कोण जाणे!" टकटक पुढच्या चाकाच्या सांध्याची निघाली. कण्हणे टायरांचे : पुढची जोडी नवी, मागची झिजलेली, त्यामुळे चाके एकमेकांशी ओढाताण करीत. टायर बदलले, ते थांबले. रडणे मात्र मागच्या आसाच्या मधल्या लोखंडी गोळ्यातले होते. तिथे दोन दातेरी चक्रे एकमेकांत फिरतात. क्राऊन आणि पिनियन म्हणतात त्यांना. त्यांचे दात झिजले होते. वेग वीस मैलांच्या आसपास असला की आवाज येई, पायातला जोर काढला की थांबे, तिसाच्या पुढे गेले की नाहीसा होई. नवी जोडी मिळाली असती तर प्रश्न नव्हता. जनूभाऊ मुंबईला मोडीच्या बाजारात फेऱ्या घालून येत आणि हात उडवीत. मिळत नाही.

पुढे कान पूर्ण गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी पोचेना. माणसांनी त्यांच्याशी बोलणे हळूहळू सोडले. वाईट हेतूने नव्हे, सोय म्हणून. मी गेलो की खुणा करीत असे आणि थोड्या वेळाने आम्ही दोघेही दमत असू. त्या दिवसांत ते जीप अधिक काढू लागले. माल नसला तरी स्टेशनपर्यंत जाऊन येत. मागचे रडणे बैठकीच्या लोखंडातून पाठीच्या कण्याला लागते आणि ते काठीवाचून ऐकू येते, असे त्यांनी मला एकदा सांगितले. "बाकी तुम्ही सगळे नुसती तोंडं हलवता," ते म्हणाले.

आणि गाडीखाली झोपणेही वाढले. ओल्या जमिनीवर पडून पडून त्यांना खोकला लागला. वसंत काळजीत होता. जवळच्या गास गावचा पास्कू हा वसंताचा मित्र; लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात होता, परतल्यावर पंप आणि इंजिने दुरुस्त करी. वसंताने त्याला गाठले. सुटा भाग मिळत नाही तर निदान आवाज तरी बंद कर, म्हणजे भाऊ खाली झोपायचे थांबतील. जुन्या गाड्या विकणारे लबाड लोक त्या गोळ्यात लाकडाचा भुसा भरतात, की गिऱ्हाइकाला आवाज ऐकू येऊ नये, हे पास्कूला ठाऊक होते. भुसा दातांना वाईट, म्हणून त्याने वाडीत जे होते ते घेतले. कच्ची राजेळी केळी सोलून, कुटून, तेलात कालवून त्याने गोळ्यात भरली. जनूभाऊ तेव्हा लग्नाला गेले होते. आवाज गेला. ते परतले, एकदा स्टेशनपर्यंत जाऊन आले, आणि त्यानंतर खाली झोपले नाहीत. बेत साधला म्हणून दोघे खूश झाले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी होळीला गेलो. जीप मांडवात उभी होती आणि तिच्या बैठकीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. काठी खिळ्याला टांगलेली. जनूभाऊ ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. खुणेने जीपविषयी विचारले, तर म्हणाले, "आता मला काही विचारू नकोस. तेवढं एक ऐकू येत होतं… तेही गेलं."

मी वसंताला बाजूला घेऊन ते सांगितले. तो केळ्यांची हकीकत सांगून हसू लागला, आणि मधेच थांबला. "म्हणजे त्यांना वाटलं…" एवढेच तो बोलला, आणि सायकल काढून गासला गेला.

पास्कू आला तो घाबरलेलाच. जनूभाऊंना धरून मांडवात आणले, पाटावर बसवले आणि त्यांच्यासमोर गोळ्याचे बूच काढले. आंबलेल्या केळ्यांचा दर्प सुटला. काळपट, बुळबुळीत लगदा तेलाबरोबर पत्र्याच्या डब्यात पडू लागला. जनूभाऊंनी बोट घातले, हुंगले, दोघांच्या तोंडांकडे पाहिले.

"राजेळी?"

पास्कूने हात जोडले. "चुकलो, भाऊ. भुशानं दात गेले असते, म्हनून कच्ची केली घातली."

त्यांना ते ऐकू जाणे शक्य नव्हते, पण जोडलेले हात दिसले. "गाढवा, पिकू तरी द्यायची होतीस," ते म्हणाले.

मग ते उठले, खिळ्यावरची काठी घेतली, वसंताला इंजिन चालू करायला सांगितले आणि काठी दातांत धरून इंजिनाला टेकवली. डोळे मिटून ते बराच वेळ तसेच ओणवे उभे राहिले. इतके दिवस काठी दुसऱ्या कशाला लावून का पाहिली नाही, असे मी नंतर जमिनीवर बोटाने लिहून विचारले. ते म्हणाले, "लावली नाही. तीतूनही काही ऐकू आलं नसतं तर?"

घासलेट घालून गोळा धुतला, नवे तेल भरले, आणि वीस मैलांचे रडणे परत आले. खोकला गेला नाही. वसंताने पुढे मुंबईत दोनतीनदा माणसे पाठवली. जनूभाऊ दर वेळी सांगत, कशाला त्रास, मी सगळा बाजार पाहिला, मिळत नाही. शेवटच्या आजारात ते पडून होते तेव्हा वसंत रोज मांडवात थोडा वेळ इंजिन चालू ठेवी. गाडी उभी असताना मागचा आवाज येत नाही, हे त्याला माहीत होते. तरीही.

तेरावे झाल्यावर वसंताने त्यांची पेटी उघडली. मी होतो, पास्कूही होता. दोन धोतरजोड्या, गेलेल्या वहिनींच्या हिरव्या काकणांची एक जोडी, आणि तळाशी काहीतरी जड. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधतात तसे वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेले. सोडले तर आत ग्रीस माखलेली दोन चक्रे निघाली. पास्कूने ती पुसली, दातात दात घालून फिरवली. नवी होती, याच गाडीला बसणारी होती. बांधलेले पान काळे पडून हाताला तुटत होते. म्हणजे कालपरवाचे नव्हते.

"हाती असून बसवली नाय?" पास्कूने विचारले. मग तो वसंताकडे वळला. "आता बसवू काय?"

वसंताने चक्रे त्याच्या हातातून घेतली. मांडवामागे जाऊन एक वाळके पान तोडून आणले आणि ती पुन्हा बांधली. गाठ मारायला त्याला वेळ लागला.

संध्याकाळी त्याने मला जीपने स्टेशनवर पोचवले. निघताना पाहिले, काठी अजून खिळ्यालाच होती. एका टोकाला तेलाचा काळा थर, दुसऱ्या टोकाला दातांच्या खाचा. रेती संपून पक्का रस्ता लागला. रस्ता मोकळा होता आणि माझ्या आगगाडीला थोडाच अवकाश होता, हे वसंताला ठाऊक होते. मागून ते बारीक रडणे सुरू झाले, आणि पाठीला लागले. मी वेगाच्या काट्याकडे पाहिले. स्टेशन येईपर्यंत वसंताने तो विसाच्या पुढे जाऊ दिला नाही.