मूळचे कुठले?

जगातल्या झाडून साऱ्या देशांनी हद्दीवरची तारेची कुंपणं भंगारात विकून आमच्या शेजारच्या काकांना नुसती एक खुर्ची आणि एक माइक दिला असता, तर कोणी कुठं यावं आणि किती जणांनी यावं हा प्रश्न दुपारच्या चहाआधी सुटला असता. हे मी म्हणत नाही, काकाच म्हणत. पण त्यांचा आवाज एकदा ऐकला असता तर तुम्हीही म्हणाला असता. काका आमच्या दिग्रसच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. गाडी कुठून आली, कुठं निघाली, कोणत्या फलाटावर लागली, ते माइकवरून पुकारायचं काम. माइक बिघडला तर कोणाच्या लक्षातही येत नसे. पार पलीकडच्या, कापूस पिंजायच्या जिनिंगमधले कामगार त्यांच्या पुकाऱ्यावर जेवायची सुट्टी घेत. निवृत्तीत माइक सुटला, सवय सुटली नाही. सकाळी काकू कपबशी घेऊन निघाल्या की गर्जना होई, "स्वयंपाकघराकडून येणारा चहा ओसरीच्या फलाटावर लागत आहे!" आणि आमच्याकडे आलेले पाहुणे दचकून पिशव्या उचलत.

ते कापसाचे वाईट दिवस होते. खेड्यांतली पोरं पुण्याला, सुरतेला निघून जात होती. अशा वेळी दिग्रसला कोणी राहायला येईल ही भीती फक्त काकांनाच वाटत असावी. त्यांची एकुलती मुलगी नर्स होऊन कॅनडाला गेली होती आणि तिथं कायमचं राहायला मिळावं म्हणून तिनं अर्ज केला होता. तिकडं वयाचे, शिक्षणाचे, भाषेचे मार्क देऊन माणूस आत घेतात, असं तिनं फोनवर सांगितलं मात्र, काका हरखूनच गेले. "हे पाय, याले म्हणते शिस्त! नाही त आपल्या इथं कोणीबी येते अन् ठेला मांडते!" त्याच संध्याकाळी त्यांनी पानठेल्यावर उभं राहून दिग्रसला मार्क द्यायला सुरुवात केली.

दिसेल त्याला पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" तो इतक्या कोवळ्या कुतूहलानं विचारत, की माणसाला राग यायच्या आत तो आपल्या पणजोबांपर्यंत पोचलेला असे. कोण कुठून आला, बैलगाडीनं की पायी, पोचल्यावर पहिलं काय खाल्लं, सगळं त्यांना हवं असे. नव्या डॉक्टरांना त्यांनी इंजेक्शन घेता घेता विचारलं. आमच्या गच्चीवर उतरलेल्या बगळ्यालाही विचारलं, आणि तो उत्तर न देता उडाला तेव्हा म्हणाले, "पायलं? कागदपत्रं नसन त्याच्यापाशी."

मार्कांचा निकाल मात्र भलताच लागला. मला शंभरात बावीस. "वय निंगून गेलं, इंग्रजी कच्ची, हातात कसब नाही. तुले त म्या दिग्रसच्या अलीकडं पुसदपाशीच गाडीतून उतरवला असता." आणि अख्ख्या दिग्रसमध्ये पहिला आला तो झाशीकडचा गुपचुपवाला, म्हणजे पाणीपुरीवाला! वय पंचवीस, हातात कसब, भाषा चार: हिंदी, वऱ्हाडी, बंजारा गिऱ्हाइकांशी गोरबोली, आणि कोणाला किती तिखट लागतं ते डोळ्यांवरून ओळखायची चौथी. काकांनी तीनदा बेरीज केली. तीनदा तोच पहिला.

पुढं कॅनडात वारं फिरलं. बाहेरची माणसं फार झाली, आता कमी घ्या, अशी चर्चा तिथं सुरू झाली आणि मुलीचा अर्ज अडकून पडला. आठवडेच्या आठवडे उत्तर येईना. काका रोज टीव्हीपुढं बसत, पण आवाज बंद करून. एके दिवशी फोनवर ती हसत म्हणाली, "बाबा, इथं टीव्हीवर एक आजोबा येतात. डिट्टो तुमच्यासारखं बोलतात. शिस्त पाहिजे म्हणतात." काका हसले नाहीत. म्हणाले, "त्याले कोणी इचारलं का, थो मूळचा कुठला हाय?"

हा प्रश्न उलटून यायचाच होता. तो आला गुपचुपच्या पाण्यातून. "काका, तुम्ही मूळचे कुठले?" प्लेट पुढं करत गुपचुपवाल्यानं साळसूदपणे विचारलं.

"म्या? पक्का दिग्रसचा!"

"पण आडनाव त राळेगावकर हाय नं?"

काकांच्या तोंडातली पुरी तोंडातच फुटली.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं काका राळेगावला निघाले, आणि सोबत बावीस मार्कांचा मी. आपल्या आजोबांचं घर तिथं कुठं होतं, ते गाव सोडून दिग्रसला का आले, कोणाला तरी ठाऊक असेल अशी त्यांची खात्री. आख्खी दुपार आम्ही 'राळेगावकर कोणी आहेत का' विचारत हिंडलो. शेवटी पारावर सायकल टेकवून बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, "राळेगावकर? बावा, राळेगावात कसा सापडन राळेगावकर? हितं राह्यते थ्याले कोण राळेगावकर म्हणन? जो गेला, थ्याले तिकडले लोक म्हणते."

"पन गेला काहून असन?" काकांनी विचारलं.

"आता थो गेला त तुमच्याकडंच नं, तुमीच सांगा."

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले. वाटेतल्या एकाही स्टँडवर कोणती गाडी लेट आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

महिन्याभरानं मुलीचा फोन आला. अर्ज मंजूर; कायमची राहू शकते. काकांनी गल्लीभर पेढे वाटले, गुपचुपवाल्याला दोन दिले. संध्याकाळी मी गेलो तर ओसरीवर एकटेच बसले होते. चहा येऊन थंड झाला होता. त्याचा पुकारा झालाच नव्हता.

"काहून रे," ते म्हणाले, "कायमची म्हणजे कायमचीच असते नं?"

मी पायरीवर टेकलो.

"उद्या तिच्या लेकराले तिकडं कोणी इचारलं, मूळचे कुठले, त थे काय सांगन?"

"दिग्रसकर सांगेल," मी म्हणालो.

त्यांनी तो शब्द एकदा मनाशी घोळवून पाहिला. मग घसा खाकरला, माइक धरावा तशी मूठ तोंडापाशी नेली आणि म्हणाले, "दिग्रसकर… दिग्रसकर जिथं असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीपाशी यावं. त्यांचे नातेवाईक वाट पाहत आहेत."

जिनिंगपर्यंत पोचणारा तो आवाज त्या दिवशी ओसरीच्या पायरीपर्यंतही गेला नाही.